रीमवाले हरलेच पाहिजेत

आमची टीम सेमी फायनलला हरली याचं मला फार दुःख झालं, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आम्ही हरतोच. दर हिवाळ्यात अबू धाबीत सगळ्या यूएईतल्या मराठी मंडळींची टेप बॉलची, म्हणजे टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलची, स्पर्धा असते. आठ-आठ जणांच्या टीम, आठ-आठ ओव्हर. त्यात मुसफ्फाची टीम, म्हणजे आम्ही, कधी पहिल्या फेरीत तर कधी दुसऱ्या फेरीत गाशा गुंडाळतो. यंदा चुकून सेमीपर्यंत पोचलो, आणि तिथे रीमवाल्यांनी आम्हाला धुतलं. हरल्याचं काही नाही हो, पण रीमवाल्यांकडून?

रीमवाले म्हणजे अल रीम आयलंडवरच्या टॉवरमध्ये राहणारे आमचेच मराठी लोक. बँकेत, तेलाच्या कंपनीत, कन्सल्टन्सीत वगैरे. आम्ही मुसफ्फात फॅब्रिकेशन, ट्रान्स्पोर्ट, केटरिंग असलं काहीतरी करणारे. रीमवाले इस्त्री केलेल्या निळ्या जर्सीत येतात, बर्फाच्या पेट्या आणतात, मॅचच्या आधी गोल करून हातपाय ताणतात. आम्ही ड्यूटीवरून थेट येतो आणि वडापाव खाता खाता टॉस करतो. एवढ्यावर माणूस माणसाचा द्वेष करत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांचा कॅप्टन आम्हाला हरवल्यावर प्रत्येकाशी हात मिळवून "वेल प्लेड" म्हणतो. सेमी फायनलला मी एका ओव्हरमध्ये एकवीस रन दिले, त्यात चार वाइड. आणि हा माणूस माझा हात हातात घेऊन म्हणतो, वेल प्लेड! शिवी दिली असती तर मी विसरून गेलो असतो.

खरं दुखणं वेगळं आहे, तेही सांगून टाकतो. दुपारच्या सुट्टीत मी फोनवर रीममधल्या फ्लॅटची भाडी बघत बसतो. आकडा दिरहममध्ये बघतो, मोठ्याने रुपयात करतो, "अरे बापरे" म्हणतो, आणि मग रीमवाले कसे माजलेत यावर शेजारच्या टेबलवाल्याला व्याख्यान देतो. 

मी आमच्या टीमचा कॅप्टन आहे. का, ते विचारू नका. बॅटी आणि स्टंप माझ्या गाडीच्या डिकीत असतात, एवढीच माझी लायकी.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. सतरा वर्षांची आहे, दोन वर्षं अकॅडमीत लेगस्पिन शिकतेय. मी तिला गेटवर सोडतो, हायपरमार्केटमध्ये जाऊन कांदे-बटाटे घेतो आणि वेळ झाली की गेटवरून उचलतो. नोव्हेंबरात ती मला म्हणाली, "बाबा, कॅन आय प्ले फॉर मुसफ्फा?" मी एकदम जबाबदार चेहरा केला. म्हटलं, "अगं, टेप बॉल लागतो. आणि लोक म्हणतील, कॅप्टनने घरचीच भरती केली." दोन्ही कारणं ऐकायला किती छान! खरं कारण असं होतं, की ती आली तर बोलिंग कोणाची कमी होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी मी कोणाला घेतलं? केटरिंगवाल्या एका भल्या माणसाला. त्याला चेंडू दिसत नाही, पण तो सगळ्यांसाठी मिसळ आणतो.

ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. आठवड्याभराने रीमच्या कॅप्टनचा फोन. त्याची मुलगी आमच्या मुलीच्या वर्गात. "तुमची हरकत नसेल तर आम्ही तिला टीममध्ये घेऊ का?" मी म्हटलं, "हरकत कसली, हबीबी!" आणि फोन ठेवून चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. तीन मॅच ती एक्स्ट्रा म्हणून बाहेर बसली. मला बरं वाटलं. बापाला बरं वाटलं, लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

तर फायनल रीम विरुद्ध शारजा. शारजाच्या टीममध्ये आम्ही एकालाही ओळखत नव्हतो. पण सेमी हरल्याबरोबर, बूट काढायच्या आत, आमच्या विकेटकीपरने फतवा काढला, "फायनलला सगळ्यांनी यायचं. शारजाला जिंकवायचं. रीमवाले हरलेच पाहिजेत." कीपर एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या ट्रान्स्पोर्टमध्ये आहे, त्यामुळे बस त्याची. ताशा माझा. गणपतीत वाजवतो तो मंडळाचा ताशा वर्षभर आमच्याच बाल्कनीत असतो. मी छातीवर हात मारून म्हटलं, "ताशा घेऊन पहिल्या रांगेत उभा राहतो की नाही बघ!"

आणि गुरुवारी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, आय ॲम इन द टीम. संडेला." त्यांच्यातला एकजण अचानक इंडियाला गेला होता. ती पुढे म्हणाली, "तू शारजाला चिअर कर, आय डोन्ट केअर. फक्त मी बोलिंग टाकीन तेव्हा बघ. यू हॅव नेव्हर सीन मी बोल. टाळ्या नको वाजवूस. जस्ट वॉच."

"बघणार म्हणजे काय, डोळे फाडून बघणार!" मी म्हणालो. बायकोने माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली, एवढी ती खूश झाली.

पण मनातून? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मुलगी चांगली खेळावी आणि रीमवाले सडकून हरावेत, अशी एखादी मॅच असू शकते का, याचा हिशोब मी दोन दिवस ऑफिसात मांडत होतो. तिने तीन विकेट घ्याव्यात आणि बाकीच्या सात जणांनी माती खावी. अशक्य काय त्यात? क्रिकेट आहे शेवटी.

रविवारी सकाळी दोघी उठायच्या आत उरकावं म्हणून मी आंघोळ करून देवघरापाशी गेलो आणि गणपतीची छोटी पितळी मूर्ती उचलून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली. माझी आई असंच करायची, एसएससीच्या निकालाच्या दिवशी, वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी. काम झालं की मगच देव बाहेर. तिने आयुष्यात कोणाचं वाईट व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवला नव्हता. तो शोध माझा. मी हात जोडले आणि पुटपुटलो, "रीमवाले हरू देत. पोरीचं तेवढं बघ." मग लक्षात आलं, देवघरात अन्नपूर्णा नाही. शोधत ओट्यापाशी गेलो, तर अन्नपूर्णा तिथे भांड्यात, पाण्यात. मागे बायको उभी.

"अहो, तुम्ही पण?" तिने माझ्या हातातली वाटी पाहिली. "कशासाठी ठेवलात?"

"कशासाठी म्हणजे? तिच्यासाठीच!"

तिचे डोळे भरून आले. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला हिऱ्याच्या कुड्या दिल्या तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मग दोन-दोन देव कशाला ताटकळत ठेवायचे? एकात भागलं असतं." आता मी काय सांगणार, की अगं, दोघांना दिलेली कामं उलटसुलट आहेत? वाटी अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली आणि ताशा शोधायला बाल्कनीत गेलो.

मैदान मुसफ्फाच्या मागे, वाळूच. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट. कडेला दोरी. बायको रीमच्या बायकांबरोबर मांडवात बसली, मी समोरच्या बाजूला आमच्या अकरा टाळक्यांबरोबर. रीमने पहिल्यांदा बॅटिंग करून बहात्तर केले. मुलीची बॅटिंग आलीच नाही, त्यामुळे तोवर माझं छान चाललं होतं. रीमची विकेट पडली की मी असा ताशा बडवायचो की शारजाचे खेळाडू वळून वळून बघायचे, हा कोण बाबा आपल्यावर एवढं प्रेम करतोय! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते आम्ही ताशाच्या तालावर करत होतो.

मग शारजाची बॅटिंग. तीन ओव्हर झाल्या, आणि रीमच्या कॅप्टनने चेंडू माझ्या मुलीकडे टाकला.

कीपर माझ्याकडे बघतोय, बाकीचे दहा जण माझ्याकडे बघतायत. कीपर हळूच म्हणाला, "काय करायचं, भाऊ? वाजवायचं का थांबायचं? पोरगी तुझी आहे, तू सांग."

सांगायचं काय त्यात? ताशा खाली ठेवायचा आणि बघायचं. ती दुसरं काहीच मागत नव्हती. पण पोरीने विकेट घेतली आणि माझ्या तोंडून "शाब्बास" निघालं, तर हे अकरा जण मला वर्षभर सोडणार नाहीत. आणि तिला सिक्स बसली आणि हे नाचले, तर मी यांच्यात उभा राहून काय करू? मी ताशा-काठ्या कीपरच्या हातात दिल्या आणि म्हणालो, "मी सगळ्यांना चहा घेऊन येतो."

पळून गेलो. दुसरा शब्द नाही. 

कडक चहाची गाडी पार्किंगच्या टोकाला होती. पुढे नऊ माणसं. मी एरवी रांगेत चुळबुळ करणारा माणूस, त्या दिवशी दोघांना "यल्ला, आप पहले" म्हणून पुढे जाऊ दिलं. मागून ओरडा ऐकू येत होता, पण कोण ओरडतंय आणि कशासाठी, ते कळत नव्हतं, आणि मी मान वळवली नाही. बारा कप पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तोलत परत आलो तेव्हा सहा ओव्हर संपल्या होत्या.

"झाली तुझ्या पोरीची बोलिंग," कीपर म्हणाला. "छान टाकते रे! तू काय आम्हाला सांगितलं नाहीस कधी."

मी विचारणार होतो, काय काय झालं, किती रन गेले. तेवढ्यात शारजाच्या बॅट्समनने सिक्स मारली, ताशा माझ्या गळ्यात आला, चहा कोणाच्या तरी बुटांवर सांडला, आणि राहून गेलं.

शेवटची ओव्हर. दोन चेंडूंत चार हवेत. बॅट्समनने डोळे मिटून फिरवली आणि चेंडू सरळ आभाळात. समोरच्या दोरीपाशी रीमचा एक फील्डर त्याच्याखाली धावतोय. ऊन डोळ्यांत, मला फक्त निळी जर्सी दिसली. मी कोकलायला लागलो, "सोड! सोड! सुटला पाहिजे! सोड रे!" घसा फाटेपर्यंत. चेंडू हातांत बसला, हातांतून निसटून जमिनीवर पडला आणि घरंगळत दोरीबाहेर गेला. चार!

मी ताशा भिरकावला. "खलास! रीमवाले खलास!" गणपतीने ऐकलं होतं माझं! मी उड्या मारल्या, कीपरच्या गळ्यात पडलो, त्याला गदागदा हलवलं. तो हलेना. त्याने माझे हात गळ्यातून काढले आणि म्हणाला, "अरे, तुझी पोरगी होती ती."

मी पाहिलं. ती दोरीपाशी गुडघ्यांवर बसली होती, टोपी हातात. रीमचा कॅप्टन चालत तिच्याकडे गेला, वाकून काहीतरी बोलला. काय बोलला असेल ते मला न ऐकता कळलं, आणि पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं हा असं बोलतो. मांडवातून बायको माझ्याकडे बघत होती. मी अजून अर्धा हवेतच होतो.

घरी जाताना गाडीत बायको माझ्या शेजारी बसली, मुलगी मागे. मुसफ्फाच्या सिग्नलवर मला राहवलं नाही. "अगं, मला दिसलंच नाही तिथे तू आहेस. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, आणि ऊन असं डोळ्यांवर..."

"इट्स ओके, बाबा," मागून ती म्हणाली. "एव्हरीवन ड्रॉप्स कॅचेस." तीच माझी समजूत घालत होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगी समजूतदार आहे, आईवर गेलीय.

मग तिने विचारलं, "बोलिंग बघितलीस ना माझी?"

"म्हणजे काय! सगळी बघितली!"

"सेकंड ओव्हर कशी वाटली?"

आणि मी सुटलो. "पहिलीपेक्षा दुसरी भारी! तो एक चेंडू काय वळला गं, बॅट्समन बघतच राहिला! मी कीपरला म्हटलं, बघ, याला म्हणतात लेगस्पिन..." स्टिअरिंगवरचा हात सोडून मी मनगट फिरवून दाखवलं. बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हाही मला काही कळलं नाही.

"मला एकच ओव्हर दिली होती, बाबा," ती म्हणाली. "फक्त सिक्स बॉल्स होते."