खुर्चीशेजारचा बाक

फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. दोन्ही लेथ चालू, त्यात कुणाची तरी ठोकाठोक, म्हणून फोन कानाला दाबून धरत बाहेर रस्त्यावर आलो. पलीकडे माझी भाची, मंजिरी. "मामा, बाबा गेले… आत्ताच. तुम्ही आधी आईकडं जावा. फोनवर सांगू नका, जवळ बसून सांगा. दवाखान्यातलं सगळं मी बघते." मी बरं म्हटलं आणि गाडी काढली. उद्या घरी सोडणार म्हणून ताईनं पलंगावर नवी चादर घातली होती. ती बघून मला दारातच रडू फुटलं, सांगायचं काही राहिलंच नाही. पुढं केव्हातरी लक्षात आलं, त्या दुपारी मला काय करायचं ते बजावून सांगणारी ही पोरगी वर्षापूर्वी हॉटेलात वेटरकडं पाणी मागायला कचरत होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. बिद्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. पेठ वडगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये आधी गणिताचे मास्तर, मग मुख्याध्यापक. मी दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून लेथवर उभा राहिलेला. दर रविवारी त्यांच्याकडं जेवायला जायचं आणि रस्सा गार होईपर्यंत भांडायचं, हा आमचा नेम. विषय एकच. मी म्हणायचो, "दाजी, तुमची पोरं येत्यात माझ्याकडं. मार्क बघितलं की डोळं दिपत्यात. आन मशीनवरचा जॉब बिघडला की तोंड शिवल्यागत उभी! मालक, माझ्याकडनं चुकलं, असं एक म्हणत न्हाय. शिकवता काय वो तुम्ही?" दुसरा कोणी असता तर ताटावरून उठला असता. हे शांतपणे नळी फोडत म्हणायचे, "पावणं, वर्षातनं एकच दिवस आमची शाळा भरती. बाकीचे दिवस नुसती परीक्षेची तयारी."

तो एक दिवस म्हणजे शिक्षक दिन. दहावीची मुलं त्या दिवशी शिक्षक होतात, साड्या नेसून आणि टाय लावून मिरवतात, फोटो काढतात; हे सगळ्याच शाळांत चालतं. दाजींच्या शाळेत मात्र मुख्याध्यापक कोण, हे चिठ्ठी टाकून ठरायचं. हुशार, ढ काही बघायचं नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा शब्द संध्याकाळपर्यंत खरोखरचा. एका वर्षी चिठ्ठी निघाली शेवटच्या बाकावरच्या एका पोराची. गड्यानं खुर्चीत बसल्या बसल्या घंटा द्यायला लावली आणि अख्ख्या शाळेला सुट्टी देऊन टाकली! गावात बोंबाबोंब. आईबाप रानात, घरांना कुलपं, लहान पोरं रस्त्यावर. संस्थेचे लोक धावत आले, पोरांना परत बोलवा म्हणाले. दाजी म्हणाले, "खुर्ची दिलीया. दिलेली खुर्ची मधनंच वढायची व्हय?" शिक्षकांना पिटाळून त्यांनी धाकटी पोरं घरोघर पोचवली, पण सुट्टी काही मागं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच पोराला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर त्यानं द्यायचं. आणि वर्गातला एक बाक आणून खुर्चीशेजारी टाकला, त्यावर स्वतः दिवसभर बसून राहिले. "बोलायचं तू. पण एकट्यानं बसायचं न्हाय," एवढंच त्याला सांगितलं. पहिल्या बाईसमोर पोरगं रडलं. दुपारपर्यंत उभं राहून म्हणायला लागलं, "चुकलं काकू. बारक्या पोरांचा इचार करायला पायजे हुता."

रिटायर झाल्यावर तो मोडीत निघालेला बाक दाजी मागून घरी घेऊन आले आणि बाहेरच्या सोप्यात आपल्या खुर्चीशेजारी ठेवला. कोणी सल्ला विचारायला आलं की त्याला खुर्चीत बसवायचं आणि आपण बाकावर. "सोप्यात शाळा भरवलीया या बाबानं," म्हणून ताई करवादायची, पण बाक पुसायची रोज.

मंजिरी त्याच शाळेची. कायम पहिली. इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत परत आली. कंपनीत एका पार्टचं चुकीचं ड्रॉइंग पुढं चाललं होतं, ते हिला दिसलं होतं. पण साहेबांना सांगायचं कसं म्हणून गप्प बसली, आणि शेवटी खापर हिच्याच डोक्यावर फुटलं. माझ्या हाती आयतं कोलीत मिळालं. रविवारी जेवताना मी म्हटलं, "बघा दाजी, घरचंच उदाहरण." ताईनं डोळे वटारले. मंजिरी भाकरी मोडता मोडता थांबली… "बाबा, तुम्ही सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझी का नाही टाकली?" मुख्याध्यापकाची पोरगी. चिठ्ठी निघाली असती तर गाव म्हणालं असतं, वशिला. म्हणून दाजींनी तिची चिठ्ठी बाजूला काढून ठेवली होती, आणि हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं. ताटावर बसल्या बसल्या दाजींचा हात वाळून गेला. त्या माणसाला हरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, जिंकल्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

मग त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण धोका आहे. गोळ्यांवरही काही काळ निघेल, पण अंथरुणाला टेकून. घरात पाहुण्यांची खलबतं सुरू झाली. दाजी मंजिरीला म्हणाले, "तुझी चिठ्ठी काढलीया बग आज. बस खुर्चीत." ताई कडाडली, "अवो, जिवाचा खेळ हाय ह्यो, शाळा न्हवं!" मलाही राग आला. पोरीच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला, असं मी तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "मी बाकावर बसतोय की." …मग मंजिरी डॉक्टरांना भेटली. समजलं नाही तिथं "परत सांगा" म्हणाली. दुसऱ्या डॉक्टरांकडं कागद घेऊन गेली. बापाला सरळ विचारलं, अंथरुणात पडून जगायला चालेल का तुम्हाला? "न्हाय चालणार," दाजी म्हणाले. तेव्हा तिनं ठरवलं, ऑपरेशन करायचं. आत नेताना स्ट्रेचरवरून दाजींनी पाहुण्यांना मोठ्यानं ऐकवलं, "ठरवलंय हिनं, मान्य मी केलंय. उद्या कुणी इचारलं तर दोघांची नावं घ्यायची!"

ऑपरेशन नीट पार पडलं. दाजींनी चार घास खाल्ले, कारखाना उघडा टाकून आलो म्हणून मला दोन शिव्याही घातल्या. आणि घरी यायच्या आदल्या दिवशी हृदयानंच दगा दिला. कुणाची चूक नव्हती. शाळेनं पोरं कामाला तयार होतात का, हा आमचा वाद मिटला नाही तो नाहीच. बहुतेक शाळांतून होत नाहीत, असं मी अजूनही म्हणतो. पण दाजींच्या त्या एका दिवसात काय होतं, ते मला त्यांच्या मागे कळलं.

दहाव्याच्या आधीची दुपार. सोप्यात माणसं बसलेली. मंजिरी बापाच्या खुर्चीत बसली होती, त्यावरून बायकांत कुजबुज चाललेली. तेवढ्यात एक दूरचे चुलते आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "गोळ्यांवर ऱ्हायला असता की गं माणूस. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे ऑपरेशन?" "मी ठरवलं काका," मंजिरी म्हणाली. आवाज कापत होता. "बाबांनी मान्य केलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगते सगळं, बसा." मी दारात उभा होतो. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी खुर्चीशेजारचा बाक रिकामा होता, कुणी त्यावर टेकलं नव्हतं. मी माणसांतून वाट काढत गेलो आणि त्या बाकावर जाऊन बसलो. बोललो काही नाही. बोलायचं तिनंच होतं.