एकाच बाराची बंदूक

आमच्या वाडीतले एक काका शेताच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक बाळगतात. ती आखूड आहे, काडतूस भरायला मधे दुमडते आणि भाताच्या गोणत्यात सहज मावते. तिचं कौतुक ते नव्या सुनेसारखं करतात. "हलकी आसा, बिघडाक तिच्यात काय नाय. आणि एकच बार, म्हणान माणूस आधी नीट बघता."

नुसतं बघून मात्र त्यांचं भागत नाही. चाप ओढण्यापूर्वी ते "कोण आसा रे?" अशी मोठ्याने हाक मारतात. साहजिकच रानडुक्कर पळतं आणि पुन्हा येऊन भात तुडवतं. दोननळी बाळगणारा शेजारी हसतो, "ह्यो डुकराक नाव-गाव इचारता!" काका चिडत नाहीत. "इचारूक पैसे पडतत काय?" एवढंच म्हणतात.

गेल्या दिवाळीत मी नोकरीवरून घरी आलो होतो. संध्याकाळी आम्ही तिघे बांधावर बसलो असताना पलीकडचं उंच गवत जोरात हललं. शेजारी कुजबुजला, "मार, मार! आज गावलो डुकर."

काकांनी बंदूक खांद्याला लावली आणि नेहमीसारखी हाक दिली.

गवतातून विळा घेऊन माझी आई उभी राहिली. जिच्या दुधावर मी पदवीधर झालो, त्या म्हशीसाठी ती चारा कापत होती.

"भावजी, इतक्या मोठ्यान कित्याक वराडतास? भियान जीव गेलो असतो माझो!"

काकांनी काडतूस काढून खिशात टाकलं आणि आईचा चाऱ्याचा भारा उचलायला ते गवतात उतरले.