दगडावरचं गजभिये

स्वतःचं आडनाव सांगण्याआधी तुम्ही कधी समोरच्याचा चेहरा वाचलाय? माझे वामनकाका आयुष्यभर वाचत आले.

गेल्या महिन्यात ओटावाच्या कनाटा उपनगरातून घरी येताना बसमध्ये काकूचा फोन आला. "काका गेले गं," म्हणाली. मग दबक्या आवाजात, "मंडळात कोणत्या नावानं कळवायचं?"

मी नागपुरात, वडिलांनी छापलेली चळवळीची पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी आडनाव घोषणेसारखं उच्चारलं जायचं. शिकायला ओटावाला आले, काकांच्या बेसमेंटमध्ये राहिले, आणि कळलं की ऑफिसातले गजभिये मराठी मंडळात नागपूरकर आहेत. मी भांडले. काका म्हणाले, "मंडळातली ही माणसं बर्फ पडला की फावडी घेऊन आमचं दार मोकळं करायला येतात. नाव कळल्यावर येतील का, हे बघायची हिंमत माझ्यात नाही."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं आयर्लंडला गेलो. एका माळावर पडकं चर्च होतं. छप्पर नाही, खिडक्यांतून वारा, आत गवत आणि थडगी. मी सरळ आत गेले. काका मात्र कमानीपाशी थांबले.

"कोणाला विचारायचं का?"

"काका, इथे दारच नाही."

"दार नसलं म्हणून काय झालं," ते हसून म्हणाले. पण पाय उचलेना. लहानपणी गावच्या देवळातून त्यांना कसं हाकललं होतं, ते मला ठाऊक होतं. शेवटी काकूनं हात धरून त्यांना आत आणलं.

पलीकडे पुरुषभर उंचीहून मोठा दगडी क्रूस होता. त्यावर कोरलेल्या माणसांचे चेहरे पावसानं पुसट झालेले. तळाशी अक्षरं होती. गाईडनं सांगितलं, ज्यानं हा क्रूस घडवून घेतला त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं लिहिलंय. त्याचं नावही आहे. काका त्या अक्षरांपाशी उकिडवे बसले.

"माझंही पूर्ण नाव कोर, पोरी. मेल्यावर मला कोण काय करणार?"

करणार काकूला. काकांच्या नावाच्या दगडाचं ठरवायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "नुसतं वामन लिही नं. मला अजून इथंच राहायचं आहे." मंडळात नागपूरकर म्हणूनच कळवलं होतं, आणि फ्रिज तिथल्या बायकांच्या डब्यांनी भरलेला होता. दगड कोरणाऱ्याला स्पेलिंग सांगताना मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी, 'वामन'पाशीच थांबले.

काल काकूनं होकार दिला. "कोर. पण मग माझ्याकडे कोण येतं, ते तू बघ."

म्हणून ओटावातल्या वाचकांनो, तुम्हालाच विचारते आहे. गोठलेली जमीन मोकळी झाली की वसंतात दफनभूमीत दगड बसेल. 'वामन गजभिये' नीट वाचा. आणि त्याच आठवड्यात काकूकडे डबा घेऊन या.