रोहिदासनं नावं ठेवलेली गाडी

कुरुळीत कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी रोहिदासला सोबत न्यायचं, असा गेल्या वीस वर्षांचा रिवाज. पूर्वी चाकणच्या बैलबाजारात जाताना जाणता माणूस बरोबर नेत, तसा. रोहिदास एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर. नवी गाडी विक्रीला यायच्या आधी तिला ट्रॅकवर खड्ड्यांतून, चिखलातून, चढावरून पिदडायची आणि तिच्यात खोट कुठं आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. त्यानं ‘घे’ म्हटलेली गाडी घेऊन पस्तावलेला माणूस गावात शोधून सापडला नसता. ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत वरचेवर सांगायचा, ते सोडा.

एवढ्या गुणी माणसाला एकच दुखणं होतं. त्याचा चुलतभाऊ रणजीत.

जमिनी कारखान्यांना गेल्या तेव्हा दोन्ही घरांच्या वाट्याला सारखंच आलं होतं. रोहिदासनं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या. रणजीतनं उरलेला चढावरचा माळ धरून ठेवला, लोक हसले तरी त्यावर पॉलिहाऊस उभं केलं आणि गुलाब लावले. आता हसणारे त्याच्याकडं रोपं मागायला जायचे. रोहिदास सकाळी दात घासायला गच्चीवर गेला की उन्हात चमकणारं ते पांढरं प्लास्टिक त्याला पहिलं दर्शन द्यायचं.

“तिकडं पाठ करून घासा की,” त्याची बायको स्नेहल म्हणायची.

पण पाठ करून भागत नाही. हेवा असा असतो की माणूस मान वळवून पुन्हा तिकडंच बघतो.

एका रविवारी तोच रणजीत दारात आला. “दादा, फुलांच्या बादल्या वाहून बायांच्या कमरा गेल्या. ट्रॅक्टर मधल्या वाटेत मावत न्हाई, टेम्पो चढाला रुततोय. ती दोन सीटची छोटी गाडी निघालीय बघ, शेजारी शेजारी बसायचं अन् मागं हौदा. मला थाटमाट नको. साधी पायजे, दगा न देणारी. तू चल संगं.”

रोहिदास हो म्हणाला. न जाण्यात मानभंग होता आणि जाण्यात पोटदुखी. त्यानं पोटदुखी पत्करली.

नाशिक रस्त्यावरच्या शोरूमच्या मागं मुरमाचा ढीग घालून चढ केला होता. ओंकार नावाच्या विक्रेत्यानं तीन गाड्या पुढं आणून लावल्या. पहिली लालभडक. मोठा स्क्रीन, सोफ्यासारख्या सीटा, दिवेच दिवे. दुसरी बॅटरीवरची, आवाज न करणारी. तिसरी मात्र अगदी शेतकऱ्याच्या अंगणात वाढल्यासारखी. राखाडी रंग, दोन कडक सीटा, हातानं टाकायचा गिअर, मागं जाड पत्र्याचा हौदा.

रोहिदासनं तिन्ही चढावर घातल्या. लाल गाडीला गिअर नव्हते, ती इंजिनाजवळच्या रबरी पट्ट्यावर चालायची. हौद्यात पोती टाकून दोनदा चढवली तेवढ्यात त्याला पट्ट्याचा जळका वास आला. बॅटरीवाली अर्ध्या चढावर दमली. मग तो राखाडी गाडीत बसला आणि त्याच्या काळजात कळ आली. इंजिन एका लयीत चालत होतं. पोत्यांसकट ती चढावर थांबवली, पुन्हा उचलली, जरा कुरकुरली नाही. सीट वर केली तर फिल्टर हातानं निघत होता आणि ग्रीस भरायच्या जागा नीट पुढ्यात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या तपासल्या त्यानं, पण अशी शहाणी गाडी क्वचितच हाताखाली आली होती. आणि ती जाणार कुणाकडं, तर रणजीतकडं. म्हणजे आता गच्चीवरून पांढरं प्लास्टिकही बघायचं आणि त्यातून ये-जा करणारी ही गाडीही.

तो खाली उतरला. “लाल झकास हाय. काळाच्या पुढची. बॅटरीचीबी वाईट न्हाई, खर्च वाचंल.”

“आणि ही?” रणजीतनं विचारलं.

“ही? आवाज बघ किती. सीटा म्हंजे पाट. असल्या डबड्यात बसून गावात काय तोंड दाखवणार? तू लालच घे.”

“बरं दादा. तू म्हणशील तसं.”

पुढचे चार दिवस रोहिदासला घास गोड लागला नाही. त्याचा शब्द हीच त्याची गावातली इस्टेट होती आणि पहिल्यांदाच त्यात त्यानं भेसळ केली होती. पट्टा जळाला की लोक विचारणार, निवडली कुणी? फोन करून खरं सांगावं असं दोनदा मनात आलं. पण रणजीतची लाल गाडी भर चढावर बंद पडलीय आणि तो उतरून ढकलतोय, हे चित्र डोळ्यापुढं आलं की हात फोनकडं जाईना. चित्र फार सुरेख होतं.

पाचव्या दिवशी नारळ फोडायला बोलावणं आलं. रोहिदास गेला, तर मळ्यात झेंडूची माळ घालून उभी होती राखाडी गाडी.

रणजीतनं त्याला हाताला धरून गुलाबांच्या ओळीत नेलं, जरा बाजूला.

“लाल घे म्हणलो होतो न्हवं मी?” रोहिदासनं विचारलं.

“व्हय. पण दादा, माझ्या बोअरला पाणी लागलं तवा तू म्हणालास, खारं हाय. पोरगी इंजिनिअर झाली तवा म्हणालास, आजकाल कुणीबी होतं. माझ्याकडं जे चांगलं येतं त्याला तू नावं ठेवतोस. त्या दिवशी तीन गाड्यांत एकीलाच नावं ठेवलीस. मी तीच घेतली.”

रोहिदासला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपला जळफळाट आपण झाकून ठेवलाय असं तो जन्मभर समजत होता.

“मग मला नेलंस कशाला?”

“तुझ्याएवढी पारख कुणाला हाय?” रणजीत सरळ म्हणाला. त्यात ना टोमणा होता, ना राग.

मग तो माघारी वळला आणि त्यानं जमलेल्या भावकीला मोठ्यानं सांगितलं, “ही गाडी दादानं निवडली बरं का. पहिली चक्कर त्याचीच.”

लोकांनी माना डोलावल्या. रोहिदासची पारख म्हणजे काय, असं कुणीतरी म्हणालंही. त्यानं चावी घेतली, रणजीत शेजारच्या सीटवर बसला आणि गाडी भरल्या बादल्यांसह चढावर लीलया निघाली. रोहिदासची नजर समोरच होती. रणजीतकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. जमिनीचा, गुलाबांचा, गाडीचा हेवा करून झाला होता. आता या माणसाच्या मनाचाही करावा लागणार होता, आणि त्याला नावं ठेवायला कुठं जागाच सापडत नव्हती.