आक्का, हातात पडलं का?

या गं, जरा जवळ सरका. लांबून पुरवणी चाळायची, फोटो बघायचे आणि मग त्याच कागदावर कोथिंबीर निवडायची, असं आज नका करू. आणि मला एक सांगा, कुणी कागदावर बोट ठेवून ‘इथं सही’ म्हटलं की तुम्ही करून मोकळ्या होता ना? न वाचता? वेड्या कुठल्या! रागावत नाही मी. मला तो अधिकारच नाही. का नाही, तेच सांगायला बसलेय.

दीड महिना झाला, माझी मैत्रीण कौसल्या गेली. सकाळची वेळ, मी तांदूळ निवडत होते आणि तिच्या सुनेचा फोन आला, “मावशी, आई कपडे वाळत घालताना पडल्या... बोलत नाहीत.” हातातलं सूप तसंच टाकून जुईनगरला गेले. दोन दिवस ती दवाखान्यात होती, पण डोळे काही उघडले नाहीत. मला तिच्या कानात एक गोष्ट सांगायची होती. वाकले, तर नर्स म्हणाली, “आजी, बाहेर थांबा.” मी थांबले बाहेर. मग सांगायचं राहूनच गेलं...

मी सानपाडा गावातली, आगरी घरातली. शाळा पाहिली नाही. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली आणि पन्नाशीला आल्यावर अंगठा सोडून सही करायला शिकले. कौसल्या मराठवाड्यातली, लग्न होऊन इकडे आलेली. महापेच्या एका कंपनीत तिनं उभी हयात पॅकिंग चेकर म्हणून काढली. आमची गाठ पडली ती आमच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात. तिथे गुरुवारी बीपी-शुगरवाल्यांचा वार. त्या दिवशी मला चिठ्ठी मिळाली, गोळ्या नाही मिळाल्या. “बाहेरून घ्या,” म्हणाले. पुटपुटत बाहेर आले तर बाकावर एक सावळी, उंच बाई नातवाची उरलेली वही मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, “आक्का, हातात पडलं का?”

आमच्या गावात मला कुणी आक्का म्हणत नाही. मी म्हटलं, “दिल्या म्हणून लिवलंय तिकरं.”

“दिल्या ते सरकारचं. पडल्या का, ते तुझं. मी तुझं इचारायले.”

तिचं सगळं म्हणणं या एवढ्यात आलं, बघा. आतल्या रजिस्टरात एकच रकाना होता, ‘दिले’. गोळ्या संपल्या तरी रकाना भरायचाच, कारण तो रिकामा राहिला तर वरून बोलणी बसतात. आणि रकाना भरलेला दिसला की वरचे म्हणणार, सगळ्यांना मिळतंय की, जास्तीचं कशाला पाठवायचं? म्हणजे गोळ्या कमी येत होत्या त्या ‘सगळ्यांना मिळतात’ असं लिहिल्यामुळे! हे मला कौसल्यानं समजावलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ती कुणाला चोर म्हणायची नाही. “तिथली माणसं चांगली हायती आक्का, रकाना खोटारडा हाय,” म्हणायची. कंपनीत असताना खोका उघडून आतला माल डोळ्यानं बघितल्याशिवाय तिनं कधी चिठ्ठीवर सही केली नव्हती. सुपरवायझर घाई करायचा, तर ही त्यालाच म्हणायची, “साहेब, तुमीच करा मग सही, तुमचं अक्षर छान हाय.” तोच तिचा खाक्या इथेही. दर गुरुवारी बाकावर बसायची, प्रत्येकीला विचारायची आणि वहीत लिहायची, पडलं, नाही पडलं. बाया हसायच्या. “आली इन्स्पेक्टरीन!” ती म्हणायची, “हसा हसा, हसल्यानं बी बीपी उतरतंय.”

कौसल्यानं अर्जावर अर्ज केले तेव्हा कुठे केंद्राचे साहेब आम्हा बायांपुढे बैठकीला बसायला तयार झाले. चांगला माणूस. म्हणाले, “बाई, पुढच्या बैठकीला तुमची वही आणि आमचं रजिस्टर शेजारी ठेवू. फरक दिसला तर मी स्वतः वर लिहितो.” त्या दिवशी कौसल्यानं आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आणि मग मी माती खाल्ली.

माझी भाची प्रणाली तेव्हा नुकतीच त्या केंद्रात औषधाच्या खिडकीवर लागली होती, कॉन्ट्रॅक्टवर. बैठकीआधीच्या गुरुवारी मला म्हणाली, “आत्या, सही करून ठेव ना. गोळ्या सोमवारी येतील, मी घरी आणून देते. रजिस्टर चेक होणारे, कॉलम रिकामा दिसला तर माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे जाणार नाही गं.” भावाची पोर. तिच्या बारशाला मी पाळण्याची दोरी धरली होती. नाही कसं म्हणू? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. केली सही, चांगली ठसठशीत, शिकल्यासारखी. माझ्यामागे आमच्या गावच्या आठ-दहा जणी. मी केली म्हटल्यावर त्यांनीही केल्या. सोमवार आला नि गेला, गोळ्या काही आल्या नाहीत.

बैठकीत साहेबांनी माझंच पान काढलं. वहीत लिहिलेलं, ‘नाही पडलं’. रजिस्टरात माझी सही. “आजी, ही सही तुमचीच ना?”

मी खाली बघून म्हटलं, “हो.”

“मग गोळ्या मिळाल्या?”

खिडकीपाशी प्रणाली उभी होती, ओढणीचं टोक चावत. मी तिच्याकडेच बघत राहिले. साहेबांनी वाट पाहिली, मग वही मिटून कौसल्यासमोर सरकवली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाई, तुमच्या लिहिण्यात चूक झाली असेल.”

कौसल्यानं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. एका शब्दात ती मला उघडी पाडू शकत होती. आयुष्यभर एक चुकीचा खोका हिनं पास केला नव्हता... आणि ती म्हणाली, “असंल साहेब. चुकलं असंल माझं.”

परत येताना वळणावर ती थांबली. “भीड पडली व्हय गं आक्का?” मी रडायलाच लागले. तिनं माझा पदर सारखा केला. “मला बी पडली. तुझं नाव नाही घेता आलं मला. म्हंजी आज आपुन दोघींनी बी न बघता माल पास केला.” आणि हसली. तिच्या त्या हसण्याचा त्रास मला अजून होतो. पुढच्या बैठकीत उठून खरं सांगायचं, हे मी त्याच दिवशी मनात ठरवलं. तिला मात्र बोलले नाही. म्हटलं, करून दाखवू, मग सांगू. हेच कानात सांगायचं होतं दवाखान्यात.

पंधरा दिवसांपूर्वी बैठक झाली. तिच्या सुनेकडून वही घेतली आणि गेले. उभी राहून म्हटलं, “साहेब, ती सही माजी हाय. पन गोल्या माज्या हातान नाय परल्या. मी खोटी सही केली. कौसल्याची वही खरी.” मग मागून एकेक बाई उठली. “माजी पन खोटी.” “माजी पन.” साहेबांनी प्रणालीकडे पाहिलं तशी मी म्हटलं, “पोरीला बोलू नका. तिला ‘नाही’ लिवायला तुमी जागाच नाय ठेवली.”

प्रणाली टेबलापाशी आली, पट्टी घेतली आणि रजिस्टरात ‘दिले’च्या शेजारी उभी रेघ ओढली. वर लिहिलं, ‘हातात पडले – हो / नाही’. साहेबांनी खाली स्वतःची सही केली, आधी वाचून. गोळ्या अजून सगळ्यांना पुरत नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू? पण ‘नाही’ आता कागदावर उमटतं आणि वर जातं. हे जिनं ऐकायला हवं होतं, तीच तेवढी नव्हती.

घरी येऊन वहीची शेवटची पानं उघडली. मला ठाऊक नव्हतं, ती पुढच्या गुरुवारची नावं आधीच लिहून ठेवायची, वेळ वाचावा म्हणून. न आलेल्या गुरुवारचं पान तयार होतं. आमची सगळ्यांची नावं होती, माझ्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘आक्का, गुडघा इचारने’. सगळ्यात खाली तिचं स्वतःचं नाव. पुढचा चौकोन कोरा. मी पेन घेऊन किती वेळ बसले. काय लिहू? काहीच नाही लिहिलं. पान उलटलं आणि नव्या पानावर नावं लिहायला घेतली, तिचं सोडून.

पण बायांनो, माझ्या ओळी तिरक्या जातात आणि चष्म्यातूनही आता धूसर दिसतं. लिहायला कुणीतरी हवं. गुरुवारी सकाळी आम्ही केंद्राबाहेरच्या त्या बाकावरच असतो, तिची जागाही रिकामी आहे. या. थोडं सरकून बसू. लवकर या हं... उशीर केला की सांगायचं राहून जातं.