पंख्याचा वारा कुठे जातो

आईच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं आणि सोमवारी ते काढायला ठाण्याला जायचं होतं. पाय वाकत नसल्यामुळे रिक्षा बाद. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय आडवा टाकूनच तिला नेता येत असे. मागच्या खेपेला शिळफाट्याच्या कोंडीत इंजिन तापलं. मी बोनेट उघडून उभा आणि आई आत, उन्हात, तशीच पाय ताणून. म्हणून या वेळी तिने आधीच विचारलं, "अरे, मध्येच थांबणार नाही ना? नक्की सांग. नाहीतर तारीख बदलून घे."

दोष रेडिएटरच्या पंख्यात होता. गॅरेजवाल्याने पुढचा आठवडा सांगितला, म्हणून कल्याणहून पंख्याची मोटर आणली आणि रविवारी सकाळी डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली मीच ती बसवली. तिचा प्लग गाडीतल्या जुन्या प्लगात बसेना, तेव्हा वायरी कापून थेट जोडल्या. मोटरच्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या.

मग तपासणी. एसी बंद ठेवला, कारण एसी लावला की इंजिन गार असलं तरी पंखा फिरतो आणि त्यातून काहीच कळत नाही. इंजिन चालू करून तापमानाच्या सुईकडे बघत बसलो. सुई मध्यावर आली, जराशी पुढे सरकली आणि पंखा लागला.

तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीतून आईने विचारलं, "झालं?"

"फिरतोय," मी म्हणालो. 'नक्की' म्हणालो नाही. पंखा लागल्यावर थोड्या वेळाने सुई खाली यायला हवी आणि पंखा आपोआप थांबायला हवा. हा थांबत नव्हता. सुईही वरच सरकत होती.

इतक्यात बायको ताट घेऊन खाली आली. दुरुस्तीनंतर गाडी बाहेर काढण्याआधी गाडीला हळदकुंकू वाहून उदबत्ती ओवाळायची तिची पद्धत आहे. मी त्यात पडत नाही. तिने गाडीच्या समोरच्या जाळीपुढे उदबत्ती धरली आणि लगेच तोंड फिरवलं.

"अहो, सगळा धूर माझ्याच डोळ्यांत येतोय."

"पंखा आहे तो, वारा येणारच."

"मग हा गार कुणाला करतोय, इंजिनाला की मला?"

मी जाळीपुढे हात धरला, वारा बाहेर येत होता. हा पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्याने समोरची हवा आत ओढायची असते. धूर जाळीतून आत जायला हवा होता. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या आणि पंखा उलटा फिरत होता. फिरतोय एवढंच बघून मी निम्मं समाधान मानलं होतं.

इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, मोटरच्या वायरींची अदलाबदल केली. पुन्हा सुरुवातीपासून सगळं. पंखा लागला तेव्हा बायकोने न सांगता नवी उदबत्ती जाळीसमोर धरली. धूर सरळ आत गेला. सुई खाली आली, पंखा थांबला. आणखी दोनदा तसंच झालं, तेव्हा खिडकीशी जाऊन आईला म्हणालो, "लागतो आणि थांबतो. नक्की."

सोमवारी शिळफाट्याला कोंडी होतीच. आई म्हणाली, "काच खाली कर, मला ऐकू दे." गाडी उभी होती. थोड्या वेळाने पुढून घरघर सुरू झाली.

"लागला," आई म्हणाली.

मी सुई बघत राहिलो. पुढचा टेम्पो हलायच्या आत घरघर बंद झाली.

"थांबला," ती म्हणाली, आणि मान मागे टेकून तिने डोळे मिटले.