नऊ जणींत एक मानसशास्त्र

आमच्या ट्रेनिंगच्या वर्गातली एखादी जण अजूनही कुठं भेटली, की गप्पा गुडघेदुखीपासून सुरू होतात आणि त्या एका पुस्तकावर येऊन थांबतात. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. परभणीला मास्तरणी तयार करायचा वर्ग निघाला, त्यात आम्ही नऊ बाया. मानसशास्त्राची ओळख करून देणारं पुस्तक मात्र एकच! एकेकीच्या वाट्याला ते तीन-तीन दिवस यायचं. तेवढ्यात त्यानं किती किस्से करून ठेवले!

*

माझी पाळी आली तेव्हा मी ते ताडकळसला घरी नेलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. वडील, म्हणजे आमचे आण्णा, ओसरीवर दोर वळत बसले होते. हे येड्यांच्या डॉक्टरचं पुस्तक हाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शहाण्यांचंच आहे. लक्ष कसं लागतं, सवय कशी जडते, माणूस विसरतो कसा, असं सगळं आहे.

"इसरायचा धडा वाच."

मी वाचला. जे पुन्हा पुन्हा नजरेसमोर येतं आणि ज्यात जीव गुंतलेला असतो, ते सहसा विसरत नाही, असं त्यात होतं. आण्णांनी आत चुलीकडं पाहिलं.

"मग आपल्याला काय जमायचं न्हाई," म्हणाले, आणि परत दोर वळायला लागले.

*

शांता आमच्यात सगळ्यात लहान. लग्नाला तीनच महिने झालेले, आणि नवऱ्याची रेल्वेत लांब बदली. स्मरणाच्या प्रॅक्टिकलला मुब, झेग, टफ असे दहा निरर्थक शब्द पाठ करायचे होते. शांताला तीनच्या पुढं एक आठवेना. शेजारून गंगूताई म्हणाली, "मालकाचं पत्र म्हणून दाखव बघू."

शांतानं मान खाली घालून अख्खं पत्र म्हटलं, 'शाई सांडली, माफ कर' यासकट!

आम्हाला शिकवायला कादरी सर होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'अर्थ असला की लक्षात राहतं.' 

*

सर स्वतः हैदराबादला उर्दूतून शिकलेले. आता सगळं मराठीतून शिकवायचं, म्हणून त्यांनी वही केली होती. उजवीकडं उर्दू शब्द, डावीकडं मराठी. 'तवज्जो'पाशी अडले, तेव्हा आम्ही 'ध्यान' सांगितलं. पुस्तकात 'अवधान' होतं. परीक्षेत नऊही जणींनी 'ध्यान'च लिहिलं, आणि सरांनी ते बरोबर धरलं.

स्वप्नांचा धडा चालू असताना शांतानं विचारलं, "सर, तुमी सपनात कोणच्या भाषेत बोलता?"

सरांनी खडू खाली ठेवला. "अम्मीशी उर्दूत बोलतो. ती ऐकते. बोलत काही नाही."



*

गंगूताईला नवऱ्यानं टाकलं होतं. दीड वर्षाची मुलगी सासरच्यांनी चारठाण्याला ठेवून घेतली. गंगूताई ट्रेनिंगला आली तेव्हा ती मुलगी पाच वर्षांची होती. लांबून बघ, पण आई म्हणून सांगू नकोस, एवढीच मुभा गंगूताईला होती.

शेवटच्या प्रॅक्टिकलला एका मुलाचं महिनाभर निरीक्षण करायचं होतं. आम्ही शाळेतली मुलं घेतली. गंगूताई दर रविवारी सर्व्हिस मोटारीनं चारठाण्याला जायची आणि जुन्या देवळाच्या पायरीवर वही घेऊन बसायची. तिथं मुली खेळायच्या, त्यात तिचीही. वहीत तिनं सगळं लिहिलं होतं. डाव्या हातानं खडा टाकते. हरली तरी रडत नाही. 'र'ला 'ल' म्हणते.

वहीत 'मुलाचा प्रश्न' आणि 'उत्तर' असे दोन रकाने होते. शेवटच्या रविवारी पहिल्या रकान्यात होतं: 'तुमी कोन हाव? दल लविवाली कोनाला बघताव?' दुसरा कोरा.

सरांनी तिथं बोट ठेवून तिच्याकडं पाहिलं. गंगूताई शांतपणे म्हणाली, "निरीक्षण करणारानं सांगू न्हाई, असं पुस्तकात हाय, सर."

सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

वर्गात पहिली गंगूताईच आली. नेमणुकीला गाव निवडायचा मान तिचा होता. परभणीच्या शाळेत एक जागा होती, आणि आम्ही सगळ्या त्याच जागेसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो. तिनं चारठाणा मागितलं. अशा आडगावाला कशाला जाता, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं.

गंगूताई म्हणाली, "एका पोरीचं निरीक्षण अर्धं राह्यलंय, सायेब."